वाघिणीच्या अंगावरचे पट्टे

मालगाडीच्या डब्याला मराठीने 'वाघीण' हे नाव दिले, त्यात वाघाचा काही संबंध नाही. इंग्रजी 'वॅगन' हा शब्द मराठी जिभेवर बसताना वळला आणि ओळखीच्या जनावराच्या नावाला जाऊन चिकटला. पण खऱ्या वाघिणीप्रमाणेच या लोखंडी वाघिणीच्या अंगावरही पट्टे असतात, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. बेळगावात टिळकवाडीच्या रेल्वे फाटकाशी खोळंबलेली माणसे डबे मोजतात. मुले तर हटकून मोजतात, आणि चाळिसाच्या पुढे गेल्यावर त्यांचा हिशेब चुकतो. डब्यावर काय लिहिले आहे आणि चाकावर काय रंगविले आहे, इकडे मात्र क्वचितच कुणाची नजर जाते. त्या लिखाणाची, आणि विशेषतः चाकांवरील खुणांची ओळख करून घेणे हा या भाषणाचा हेतू आहे.

प्रारंभ बैलगाडीपासून करणे सोयीचे. निपाणी शहराला आजही आगगाडीचे स्थानक नाही. एका बाजूला कोल्हापूर आणि दुसऱ्या बाजूला मिरज–बेळगाव मार्गावरील चिकोडी रोड, ही त्याची जवळची स्थानके. ट्रकांनी वाहतूक हाती घेण्यापूर्वी माळावरचा तंबाखू असो की गुळाच्या ढेपा, रुळांपर्यंतची मजल बैलगाडीनेच मारावी लागे. त्या गाडीच्या चाकाची काळजी कोण घेई? गाडीवान स्वतः. आस कुरकुरू लागला की गाडीखाली टांगलेले वंगणाचे नळकांडे तो काढी. उन्हाळ्यात लाकूड आटून चाकावरची लोखंडी धाव सैल पडली, तर तिचा खडखडाट त्यालाच प्रथम ऐकू येई. मग लोहार गोवऱ्यांच्या जाळात धाव लाल करून चाकावर बसवी आणि वर पाणी ओती. निवताना ती आवळून बसे. या साऱ्या व्यवहारात लिहिण्याची गरज पडत नसे, कारण चाक आणि त्याचा धनी दिवसभर एकमेकांच्या सोबतीला असत.

आगगाडीच्या वाघिणीचे तसे नाही. तिची चाके बसविणारा एका गावी, वंगण घालणारा दुसऱ्या गावी, माल भरणारा तिसऱ्या, आणि ती ओढून नेणारा कुठल्या तरी चौथ्याच गावचा. या चौघांची गाठ कधी पडत नाही. पहिल्याने केलेले काम चौथ्याला कळावे कसे? त्यासाठी डब्याच्या अंगावर लिहावे लागले. लोखंडावर खडूने, रंगाने आणि ठशाने लिहिलेला हा पत्रव्यवहार आहे.

या प्रदेशात त्याचा आरंभ सदर्न मराठा रेल्वेपासून होतो. १८७६ ते १८७८ या दुष्काळात धान्य असूनही ते माणसांपर्यंत पोहोचेना, हे सरकारला दिसून आले. दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकात रूळ टाकण्याच्या विचाराला तेव्हा जोर चढला. १८८२ मध्ये ही कंपनी स्थापन झाली. हुबळीला तिचा मोठा कारखाना उभा राहिला आणि त्याच दशकात लोंढ्याहून बेळगावकडे मीटर गेजचे रूळ आले. १९०८ मध्ये ती मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे झाली, १९५१ मध्ये दक्षिण रेल्वेत गेली, १९६६ मध्ये हा भाग दक्षिण मध्य रेल्वेकडे आला, आणि २००३ पासून बेळगाव नैर्ऋत्य रेल्वेत आहे. मालक बदलला की डब्याच्या कुशीवरची अक्षरेही बदलत. जुन्या वाघिणीचा रंग नखाने खरवडला, तर एकाखाली एक अशी ही सगळी राज्ये सापडावीत.

डबा एकाच कंपनीच्या रुळांवर राहत नसे, ही खरी अडचण होती. बेळगावला उभी असलेली वाघीण म्हैसूरकडची असू शकेल, मद्रासेकडची असू शकेल. कॅसलरॉकपलीकडे तर १९६१ पर्यंत पोर्तुगीजांचे राज्य होते आणि तिकडचा माल याच रुळांनी येत असे. परक्या कंपनीचा डबा आपल्या रुळांवर घ्यावा की नाकारावा, हे कशावरून ठरवायचे? १९०३ साली स्थापन झालेल्या इंडियन रेल्वे कॉन्फरन्स असोसिएशनने त्याचे नियम घालून दिले. काय झिजले असता, काय चिरले असता डबा परत फिरवावा, हे त्यात बारकाईने सांगितलेले असे. डब्यावरील तारखांना किंमत आली ती अशा नियमांमुळे. मोठी दुरुस्ती कोणत्या महिन्यात, कोणत्या कारखान्यात झाली आणि वाघिणीने कारखान्यात पुन्हा केव्हा परतावे, या दोन्ही गोष्टी तिच्या कुशीवर रंगवलेल्या असतात. रेल्वेची माणसे पहिलीला 'पी.ओ.एच.' आणि दुसरीला 'रिटर्न डेट' म्हणतात. शेजारी रिकाम्या डब्याचे वजन असते. मालाचे वजन काढताना ते वजा करावयाचे असल्यामुळे त्या एका आकड्यावर व्यापाऱ्याचे भाडे अवलंबून असे. तो मात्र व्यापारी वाचीत!

आता चाकाकडे वळू. जुन्या वाघिणीच्या आसाचे टोक एका लोखंडी पेटीत असे. पेटीत वरून पितळेचा अर्धगोल तुकडा आसावर टेकलेला, त्याला आतून मऊ पांढऱ्या धातूचे अस्तर. खाली तेलात भिजवलेल्या लोकरीच्या किंवा सुताच्या गुंत्याचा बोळा. दिव्याची वात जसे तेल वर चढवते, तसाच हा बोळा फिरत्या आसाला तेल पाजीत राही. डब्याचे आणि मालाचे सगळे ओझे या तेलाच्या पातळ पापुद्र्यावर तोललेले असे. बोळा सुकला किंवा कुणी चोरून नेला, तर अस्तराचा धातू वितळू लागे, धूर येई, जळक्या तेलाचा वास सुटे, पेटी रात्री निखाऱ्यासारखी दिसे. तरीही गाडी थांबली नाही, तर आसाचे टोकच तुटून पडे. यालाच रेल्वेच्या बोलीत 'हॉट ॲक्सल' म्हणतात. धावत्या गाडीकडे तोंड करून स्थानकावर झेंडा घेऊन उभा असलेला माणूस शोभेसाठी उभा नसतो. धूर, ठिणगी, लोंबणारा एखादा भाग दिसतो का, हे त्याला पाहायचे असते.

बोळा केव्हा बदलला याची तारीख आणि ठिकाणाची आद्याक्षरे डब्याच्या चौकटीवर लिहिण्याची पद्धत अमेरिकेतील रेल्वेत रूढ होती. लहानशी तारीख, चार बोटे रुंदीची. तिच्याखाली कुणाचे नाव नसे. पण तारीख आणि ठिकाण यांवरून त्या दिवशीचा कामगार शोधून काढता येत असे. न वंगविलेल्या पेटीवर तारीख रंगविणे म्हणजे खोटी सही करणे होय, हे कारखान्यातील प्रत्येकाला ठाऊक होते.

दुसरी खूण थेट चाकावर असते, आणि तिचाच अर्थ सर्वांत अधिक चुकीचा लावला जातो. जुनी चाके एकसंध नसत. आतले चाक वेगळे, त्यावर चढविलेली पोलादी धाव वेगळी. तीच बैलगाडीची युक्ती! धाव चाकापेक्षा किंचित लहान कातायची, म्हणजे एक मीटर व्यासाला सुमारे एक मिलिमीटर. तापवून फुगवायची, चाकावर बसवायची, आणि निवू द्यायची. ती पुन्हा सैल होते केव्हा? तापते तेव्हा. आणि चाकाच्या परिघावर ब्रेकचा ठोकळा घासत राहिला की ती तापणारच. सैल झालेली धाव लगेच निखळत नाही. आधी ती चाकावर हळूच, केसभर, बोटभर फिरते. म्हणून धाव आणि चाक या दोहोंवरून जाणारा पांढरा पट्टा रंगवतात, परिघावर चार ठिकाणी. पट्टा सरळ असला तर धाव जागेवर आहे. पट्टा तुटून त्याचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकलेले दिसले, तर ते चाक पुढे जाऊ देण्याजोगे नाही. ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही हे दिसते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले, तेव्हापासून या भागात पाटीवरचे अक्षर कोणत्या भाषेतले असावे याचा वाद मिटलेला नाही. चाकावरच्या या पट्ट्याला भाषाच नाही, एवढे या निमित्ताने नमूद करण्यास हरकत नसावी.

पट्ट्याचा आणखीही एक उपयोग आहे. गाडी हलू लागली की फिरत्या चाकावरचे पट्टे भिरभिरतात. एखाद्या चाकावरचा पट्टा स्थिर दिसला, तर त्याचा ब्रेक सुटलेला नाही, ते चाक रुळावर घसटत निघाले आहे. असे घसटलेले चाक एका जागी झिजून सपाट होते, आणि पुढे प्रत्येक फेऱ्याला रुळावर हातोडा बसावा तसा घाव घालते. ब्रॉडगेज मालडब्याच्या चाकावर ६० मिलिमीटरपेक्षा लांब सपाटी भारतीय रेल्वेत चालत नाही. रात्रीच्या शांततेत जी मालगाडी 'ठक् ठक्' करीत जाताना ऐकू येते, तिच्यात असेच एखादे चाक असते.

लोंढा, मिरज यांसारख्या जंक्शनांवर गाडी थांबली की तपासनीस लांब दांड्याची हातोडी घेऊन दोन्ही अंगांनी चालत जाई. बाजारात मडके घेताना गृहिणी टिचकी मारून कान देते. हाही तसाच चाकावर ठोका देई. धाव घट्ट असेल तर घंटेसारखा नाद, सैल किंवा चिरलेली असेल तर बद्द आवाज. तेलाच्या पेटीवर तो तळहाताची मागची बाजू लावून पाही. आणि संशय आला की खिशातला खडू काढून डब्यावर लिही. असा डबा मग 'सिक' होई! रेल्वेच्या माणसांची ही बोली मोठी जिवंत आहे. डबा बिघडत नाही, आजारी पडतो. त्याला गाडीतून काढून 'सिक लाईन'वर नेतात आणि बरा झाल्यावरच तो कामावर रुजू होतो. आतला माल व्यापाऱ्याला कितीही घाईचा असला, तरी तपासनिसाच्या खडूपुढे स्टेशनमास्तरचेही चालत नसे. भरलेला डबा सिक झाला म्हणजे हमालांनी सगळा माल दुसऱ्या डब्यात भरायचा. पावसाळ्यात तंबाखूचे बोद उघड्यावर काढण्याची पाळी येणे याचा अर्थ निपाणीकरांना समजावून सांगावयास नको.

हे सारे पथ्य या मुलखात विशेष जपावे लागे, याला घाट कारण आहे. कॅसलरॉकहून कुळ्यापर्यंत, दूधसागराच्या अंगावरून उतरणारा ब्रागांझा घाट ३७ फुटांना एक फूट असा उतरतो. त्या उतारावरून होस्पेटकडचे लोहखनिज भरलेल्या गाड्या मुरगाव बंदराकडे जात. चढ इंजिनाची परीक्षा पाहतो, उतार चाकांची. खाली येईपर्यंत ब्रेकचे ठोकळे चाकांना चिकटलेलेच. धाव तापणे, फुगणे आणि सैल होणे यासाठी याहून अनुकूल जागा शोधून सापडावयाची नाही. घाट उतरून आलेल्या गाडीच्या चाकांवरील पट्टे पाहणे म्हणजे उपचार नव्हता. खाली पोहोचलेल्या माणसांची नाडी पाहण्यासारखेच ते होते.

खूण का हवी, याचे एक कठोर उदाहरण अमेरिकेतले आहे. फेब्रुवारी १९७८ मध्ये टेनेसी राज्यातील वेव्हर्ली या लहान गावी एक मालगाडी रुळांवरून घसरली. एका उघड्या डब्याचा हातब्रेक तसाच लागलेला राहिला होता. चाक तापत गेले आणि फुटले. घसरलेल्या डब्यांत ज्वालाग्राही वायूची टाकी होती. दोन दिवसांनी, साफसफाई चालू असताना, तिचा स्फोट होऊन १६ माणसे मरण पावली. त्यानंतर एका ठराविक जातीची ओतीव चाके शोधून काढण्याचा सरकारी हुकूम निघाला आणि देशभरच्या मालडब्यांची चाके तपासण्यात आली. जो डबा निर्दोष ठरला, त्याच्या अंगावर काळ्या चौकोनात पिवळा ठिपका रंगवला गेला. आज तिकडच्या संग्रहालयांतील जुन्या डब्यांवर हा ठिपका दिसतो. जाणकार माणूस तो पाहून चटकन सांगतो की, हा डबा १९७८ मध्ये चालू होता आणि त्याची चाके त्या वर्षी तपासली गेली होती. तळहाताएवढा ठिपका, पण त्यामागे सोळा मृत्यू आहेत.

पुढे तंत्र बदलले, आणि खुणाही बदलल्या. एकसंध पोलादी चाके आली, तेव्हा धाव सैल होण्याचे भय राहिले नाही. बंगळूरजवळ येलहंका येथे १९८४ मध्ये रेल्वेचा चाकांचा कारखाना सुरू झाला. तेथे चाके अखंड ओतली जातात. तेलाच्या बोळ्याऐवजी बंद डबीतील रोलर बेअरिंग आले. हाताची मागची बाजू लावण्याऐवजी आता दुरूनच उष्णता मोजणारे यंत्र रोखले जाते, आणि आसातील न दिसणारी चीर ध्वनिलहरींनी शोधली जाते. पण लिहिण्याचे मात्र कुणी सोडले नाही. ध्वनिलहरींची तपासणी केव्हा आणि कुठे झाली, हे आसाच्या टोकावर ठोकून ठेवतात. चाकाच्या कडेला एक बारीक खाचेची रेघ असते; झीज तिथवर पोहोचली की चाकाचे आयुष्य संपले. कुशीवरचा क्रमांक आता अकरा आकड्यांचा आहे: पहिले दोन डब्याची जात सांगतात, पुढचे दोन मालक रेल्वे, त्यापुढचे दोन बांधणीचे वर्ष, मग चार आकड्यांचा त्या डब्याचा स्वतःचा क्रमांक, आणि शेवटचा एक आकडा मागील दहांवरून गणिताने काढलेला. लिहिणाऱ्याने एखादा आकडा चुकवला, तर शेवटचा जुळत नाही आणि चूक उघडी पडते. फाटकाशी डबे मोजणाऱ्या मुलांना हे गणित शाळेत द्यायला हरकत नाही. मोजण्यात गेलेला वेळ तेवढाच सत्कारणी लागेल.

ही सगळी माहिती आज सांगण्याचे कारण असे की जुन्या वाघिणी आता संपत आल्या आहेत. पुणे–मिरज–कोल्हापूर मार्ग १९७१ मध्ये ब्रॉडगेज झाला. १९२७ पासून बार्शी लाइटची नॅरोगेज गाडी मिरजेला येत होतीच. तेव्हा पुढची काही वर्षे तीन रुंदीचे रूळ त्या एका गावी नांदले, आणि एका गेजच्या डब्यातला माल दुसऱ्या गेजच्या डब्यात हमालांच्या पाठीवरून गेला. १९९० च्या दशकात मिरज–लोंढा आणि गोव्याकडचा मार्गही रुंद झाला. मीटर गेजच्या वाघिणींना तेथे काम उरले नाही. बहुतेक भंगारात गेल्या. काही थोड्या स्थानकांच्या आवारात, कारखान्यांच्या दारांत, संग्रहालयांत जपून ठेवल्या आहेत. हुबळीला स्थानकाजवळ ऑगस्ट २०२० मध्ये रेल्वेचे संग्रहालय उघडले. तेथील दोन जुन्या घरांना मलप्रभा आणि घटप्रभा ही नावे दिली आहेत, याचे बेळगावकरांना अगत्य वाटावे. मलप्रभा तर खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीची.

जपून ठेवणे म्हणजे काय, याविषयी मात्र सर्वत्र एक गैरसमज दिसतो. जुना डबा मिळाला की प्रथम त्याला घासून काढतात आणि झगझगीत रंग देतात. चाकांचा पूर्ण परीघ पांढरा रंगवतात, कारण तसे छान दिसते. जिथे चार पट्ट्यांना अर्थ होता, तिथे गोल कडे येते आणि अर्थ जातो. त्या कड्यावरून धाव सरकली की नाही, चाक फिरते की घसटते, काहीच कळत नाही. कुशीवरची शेवटच्या दुरुस्तीची तारीख रंगाखाली जाते. तिच्या जागी पाहुण्यांसाठी डब्याचे नाव मोठ्या अक्षरांत येते. पाहुणा खूश होतो, छायाचित्र काढतो. पण तो डबा कोणत्या कारखान्यातून, कोणत्या महिन्यात शेवटचा बरा होऊन बाहेर पडला, हे सांगणारा एकुलता एक पुरावा त्या रंगारी हाताने पुसलेला असतो. इमारतीवरचा शिलालेख कुणी असा चुन्याने लिंपला असता, तर वर्तमानपत्रांत पत्रे आली असती. वाघिणीच्या बाबतीत ती येत नाहीत, कारण त्यावर राजाचे नाव नसते. हुबळीच्या एका कामगाराच्या हातची तारीख असते.

उपाय खर्चाचा नाही. रंग लावण्याआधी डब्याच्या चारही बाजूंची आणि प्रत्येक चाकाची छायाचित्रे घ्यावीत. पुसट अक्षरांवर पातळ कागद ठेवून ती पेन्सिलीने उतरवून घ्यावीत. आणि नवा रंग दिल्यावर तीच अक्षरे, त्याच मापाची, त्याच जागी पुन्हा काढावीत. परतीची तारीख कितीही जुनी झालेली असो, ती बदलू नये. चाकांवर चार पट्टे, धाव आणि चाक या दोहोंवरून जाणारे. खडूच्या खुणा मात्र टिकत नाहीत. कुठे एखादी पत्र्याच्या कोपऱ्यात, पावसापासून आडोशाला उरलेली असलीच तर तिला हात लावू नये.

रंगाने झाकले गेले तरी एक लिखाण शिल्लक राहते. धातूवर ठोकलेल्या अक्षरांना रंग भरून काढू शकत नाही. संग्रहालयात जाणाऱ्याने चाकापाशी वाकून आसाच्या टोकाकडे, पेटीच्या झाकणाकडे, चाकाच्या मध्यावरील उंचवट्याकडे पाहावे. डोळ्यांना दिसले नाही तर बोट फिरवावे. रंगाच्या तीन-चार थरांखाली कारखान्याची आद्याक्षरे, ओतकामाचा क्रमांक, कधी कधी वर्षही बोटाला लागते.